स्टुडबेकर: लोहारशाळेपासून शेवटच्या मोटारीपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुन्या अमेरिकन मोटारींचा विषय निघाला की फोर्ड, शेव्हरले, डॉज ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. स्टुडबेकर म्हटलं की समोरचा दोन क्षण थांबतो आणि मग प्रश्न सुरू होतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. पेन्शनचं उत्तर तर मुद्दाम लांब ठेवलं आहे, कारण या कंपनीची गोष्ट त्याच्याशिवाय अर्धीच राहते.

स्टुडबेकर ही नेमकी कोणती कंपनी?

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या साऊथ बेंड गावची. १८५२ मध्ये सुरू झाली आणि तिची शेवटची मोटार १९६६ मध्ये बाहेर पडली. घोड्यांच्या गाड्या बनवणाऱ्या शेकडो अमेरिकन कारखान्यांपैकी मोटारींच्या धंद्यात मोठ्या प्रमाणावर उतरून दीर्घकाळ टिकलेलं ठळक नाव हेच. मोटारींची राजधानी असलेल्या डेट्रॉइटऐवजी साऊथ बेंडला मुख्यालय ठेवून, जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन बड्या कंपन्यांच्या सावलीत तिने पन्नासहून अधिक वर्षं मोटारी विकल्या.

हे आडनाव कुठलं?

मूळ जर्मन. झोलिंगेन हे तलवारी आणि चाकू-सुऱ्यांच्या पात्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. तिथलं श्टुटेनबेकर कुटुंब १७३६ मध्ये जहाजाने फिलाडेल्फियाला उतरलं आणि इंग्रजी जिभांवर आडनावाचं स्टुडबेकर झालं. लोखंडाचं काम घराण्यात आधीपासूनचं होतं, ते पुढेही चालू राहिलं.

सुरुवात कशी झाली?

१६ फेब्रुवारी १८५२ रोजी हेन्री आणि क्लेमंट या दोन भावांनी साऊथ बेंडमध्ये लोहारशाळा टाकली. भांडवल होतं ६८ डॉलर. घोड्यांना नाल ठोकायचे, चाकांना लोखंडी धाव चढवायची, मोडलेल्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि जमेल तेव्हा एखादी नवी गाडी बांधायची, असं कामाचं स्वरूप होतं. वडीलही लोहारच. ओहायोतल्या त्यांच्या दुकानावर बायबलमधल्या वचनाची पाटी होती: एकमेकांवरच्या प्रेमाखेरीज कुणाचं काही देणं ठेवू नका. ही पाटी लक्षात असू द्या, पुढे तिची आठवण येणार आहे.

मग सैन्यासाठी गाड्या बनवण्याची कामं येऊ लागली. हेन्री एका शांततावादी ख्रिस्ती पंथाचा होता. सैन्यासाठी गाड्या बनवणं त्याच्या मनाला पटत नव्हतं. त्याने आपला वाटा विकला आणि तो शेतीकडे वळला. उरलेल्या भावांनी धंदा वाढवला आणि पुढे अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला गाड्या पुरवल्या. १८६८ मध्ये रीतसर कंपनी स्थापन झाली. १८७२ आणि १८७४ मध्ये कारखान्याला मोठ्या आगी लागल्या, तरी त्याच दशकात स्टुडबेकर बंधू जगातले सर्वांत मोठे गाडी बनवणारे म्हणून ओळखले जाऊ लागले. पश्चिमेकडे जमिनी शोधायला निघालेल्या कुटुंबांच्या ताडपत्री घातलेल्या गाड्यांमध्ये त्यांच्या गाड्या असत, आणि राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्यासाठी मागवलेल्या बग्ग्याही त्यांच्याच.

सोन्याच्या खाणींवर हातगाड्या विकल्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. तिसरा भाऊ जॉन मोहलर १८५३ मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला. प्लेसरव्हिलला पोचल्यावर त्याने सोनं खणण्याऐवजी खाणकामगारांसाठी एकचाकी हातगाड्या बनवायला घेतल्या. माती-दगड वाहायला प्रत्येकाला ती लागत असे. लोक त्याला ‘व्हीलबॅरो जॉनी’ म्हणू लागले. १८५८ मध्ये तो ८,००० डॉलर गाठीशी बांधून परतला. हेन्रीचा वाटा त्यानेच विकत घेतला. स्टुडबेकरचा कारखाना खऱ्या अर्थाने उभा राहिला तो या हातगाड्यांच्या पैशावर.

घोडागाडीवाले मोटारींत कसे आले?

जपून, एकेक पाऊल टाकत. १९०२ मध्ये त्यांनी विजेवर चालणाऱ्या मोटारी काढल्या. पहिल्या वर्षी अवघ्या २० विकल्या गेल्या आणि त्यांतली एक थॉमस एडिसनने घेतली. १९०४ मध्ये पेट्रोलची मोटार आली, पण तिचा सांगाडा आणि इंजिन गारफर्ड या दुसऱ्या कंपनीचं होतं. मग डेट्रॉइटच्या ई-एम-एफ कंपनीच्या मोटारी विकायला घेतल्या आणि शेवटी ती कंपनीच ताब्यात घेऊन १९११ मध्ये स्टुडबेकर कॉर्पोरेशन उभी केली. घोडागाड्यांचं काम १९२० पर्यंत चालू होतं.

या जपून चालण्याला मी कमी लेखत नाही. हातातला चालता धंदा न मोडता दुसरा शिकून घेतला, म्हणूनच ते टिकले. मोटारीला कमी लेखून बसलेले किती तरी गाडीवाले त्या वीस वर्षांत संपले.

१९३३ मध्ये कंपनी बुडाली होती म्हणतात, ते काय प्रकरण?

अल्बर्ट अर्स्किन १९१५ पासून अध्यक्ष होते. कर्तबगार माणूस. १९२६ मध्ये त्यांनी साऊथ बेंडजवळ ८०० एकरांवर मोटारींच्या चाचण्यांसाठी कंपनीचं स्वतःचं मैदान उभारलं. तेव्हा अमेरिकेत फार थोड्या मोटार कंपन्यांकडे असं मैदान होतं. १९२८ मध्ये बफेलोची श्रीमंती थाटाची पिअर्स-अॅरो कंपनी विकत घेतली.

पुढच्याच वर्षी मंदी आली. अर्स्किन यांना ती थोड्या महिन्यांत ओसरेल असं वाटलं आणि भागधारकांचा विश्वास टिकवण्यासाठी त्यांनी लाभांश देणं थांबवलं नाही. १९३० मध्ये जो लाभांश वाटला तो त्या वर्षीच्या नफ्याच्या सुमारे पाचपट होता. उरलेले पैसे गंगाजळीतून गेले. नवी यंत्रं आणि नवी मॉडेलं यांसाठी साठवलेली पुंजी दोन-तीन वर्षांत आटली. मार्च १९३३ मध्ये कंपनी न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार पाहणाऱ्या प्रशासकाच्या, ताब्यात गेली. त्याच वर्षी १ जुलैला अर्स्किन यांनी आत्महत्या केली.

कारखाना वाचवला तो पॉल हॉफमन आणि हॅरल्ड व्हान्स या दोघांनी. हॉफमन विक्रीतला, व्हान्स उत्पादनातला. पिअर्स-अॅरो विकून टाकली, खर्च छाटला, मोटारी बनत राहतील एवढं पाहिलं आणि १९३५ मध्ये कंपनी पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली. हेच हॉफमन पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या पुनर्बांधणीच्या मार्शल योजनेचे प्रशासक झाले.

अर्स्किन यांच्या काळातली एक गोष्ट मात्र कंपनीच्या अंगात मुरून राहिली. पैसा आला की तो आधी वाटायचा आणि कारखान्याचं नंतर बघायचं. पुढच्या तीस वर्षांत ही सवय पुन्हा पुन्हा वर येताना दिसते.

चॅम्पियन मॉडेलचं एवढं कौतुक का?

कारण १९३९ च्या त्या मोटारीने कंपनी सावरली. चॅम्पियन कुठल्याही जुन्या मोटारीला छाटून बनवलेली नव्हती, कोऱ्या कागदावरून आखलेली होती. प्रत्येक भागाचं वजन कमी करण्यावर अभियंत्यांनी भर दिला. इंजिन लहान, मोटार हलकी, त्यामुळे पेट्रोल कमी लागायचं आणि किंमत फोर्ड-शेव्हरलेच्या जवळ आणता आली. बाह्यरूप रेमंड लोवी या नामांकित डिझायनरच्या स्टुडिओचं.

त्या काळातली आणखी एक सोय सांगायलाच हवी, कारण घाटात गाडी चालवलेल्या माणसाला ती लगेच कळेल. नाव ‘हिल होल्डर’. चढावर गाडी थांबली की ब्रेकच्या तेलाच्या वाटेत बसवलेली एक लहानशी गोळी उताराच्या बाजूला घरंगळते आणि क्लच दाबलेला असेपर्यंत ती वाट बंद करून ठेवते. मग ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी जागची हलत नाही. क्लच सोडू लागलात की वाट मोकळी होते आणि गाडी पुढे निघते. ना वीज, ना सेन्सर. खंडाळ्याच्या चढावर पुढच्या ट्रकमागे अडकून ज्याने हँडब्रेक, क्लच आणि अॅक्सिलरेटर यांची कसरत केली आहे, त्याला त्या गोळीची किंमत मी वेगळी सांगायला नको.

रशियात स्टुडबेकरचं नाव अजून का घेतात?

युद्धातल्या ट्रकांमुळे. कंपनीने अडीच टनी, सहा चाकांवर चालणारे यूएस-६ जातीचे जवळपास दोन लाख ट्रक बनवले आणि त्यांतले बहुतेक मदत म्हणून सोव्हिएत संघाला गेले. चिखल आणि बर्फ यांतून ते निघत. कात्युशा अग्निबाणांचे सांगाडे याच ट्रकांच्या पाठीवर चढवले गेले. लाल सैन्यातले शिपाई त्यांना लाडाने ‘स्तुदर’ म्हणत. याशिवाय बी-१७ बाँबर विमानांची इंजिनंही साऊथ बेंडमध्ये बनली.

ती ‘पुढून-मागून सारखी दिसणारी’ मोटार हीच का?

हो, १९४७ ची. युद्ध संपल्यावर बड्या कंपन्या १९४२ चेच साचे काढून मोटारी विकत होत्या. मोटारींचा एवढा दुष्काळ होता की जे येईल ते खपत होतं. स्टुडबेकरने मात्र १९४६ मध्येच पूर्ण नव्या अंगाची मोटार बाजारात आणली. जुन्या नावाजलेल्या कंपन्यांमध्ये हे पहिल्यांदा तिनेच केलं. स्टारलाइट कूपेची, म्हणजे दोन दारांच्या मोटारीची, मागची काच वळसा घालून दोन्ही बाजूंपर्यंत आलेली होती आणि डिकी लांब होती. त्यामुळे ही मोटार येते आहे की जाते आहे, असं लोक एकमेकांना चिडवत विचारायचे.

१९५० मध्ये पुढच्या तोंडावर मधोमध विमानाच्या नाकासारखा क्रोमचा गोल उंचवटा आला. कुणाला तो आवडला, कुणाला नाही, पण रस्त्यावर त्याकडे पाहिलं नाही असा माणूस नसेल. त्या वर्षीच्या मॉडेलच्या सुमारे ३ लाख ४३ हजार मोटारी बनल्या. कंपनीच्या इतिहासातला हा सर्वोच्च आकडा. तो पुन्हा कधीच गाठला गेला नाही.

सगळ्या डिझाइन रेमंड लोवीच्याच ना?

नाव लोवीचं, हात अनेकांचे. १९४७ च्या मोटारीत व्हर्जिल एक्सनरचा मोठा वाटा आहे. तो लोवीकडेच कामाला होता. दोघांचं बिनसलं, १९४४ मध्ये लोवीने त्याला काढलं आणि स्टुडबेकरने लगेच थेट आपल्याकडे घेतलं. पुढे क्रायस्लरच्या मोठ्या शेपट्यांच्या मोटारींमुळे गाजलेला एक्सनर तो हाच. १९५३ ची कूपे रॉबर्ट बर्कच्या हातची. १९६२ च्या अवान्ती या मोटारीवर लोवीसोबत जॉन एब्स्टीन, बॉब अँड्र्यूज आणि टॉम केलॉग होते. लोवीचं खरं श्रेय असं की चांगली माणसं त्याने निवडली आणि संचालकांसमोर त्यांच्या कल्पनांची बाजू लढवली. ते काम लहान नाही. पण रेघा ज्यांनी ओढल्या त्यांचीही नावं घ्यायला हवीत.

१९५३ ची मोटार इतकी देखणी, मग घसरण तिथूनच का सुरू झाली?

मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत चटका लावणारं पान हेच वाटतं. १९५३ ची स्टारलायनर कूपे आजही अमेरिकेत बनलेल्या सर्वांत सुंदर मोटारींमध्ये गणली जाते. बुटकी, लांब, अंगावर क्रोमची गर्दी नाही. शोरूमपुढे लोक जमले आणि ऑर्डरी आल्या.

गडबड आत, कारखान्यात होती. वरिष्ठांचा अंदाज होता की लोक नेहमीसारखी चार दारांची सेडान घेतील आणि कूपे थोडीच लागेल. तयारी त्या हिशेबाने केलेली. झालं उलटं. गिऱ्हाईक कूपेच मागू लागलं आणि सेडान पडून राहिली. दोन्हींची अंगं इतकी वेगळी होती की एकीचे पत्रे दुसरीला चालत नव्हते, त्यामुळे जुळणीच्या रांगेवर चटकन बदल करणं शक्य नव्हतं.

त्यात सांगाड्याची भानगड. कूपेचा सांगाडा हलका आणि लवचीक ठेवलेला होता. जुळणी सुरू झाल्यावर कळलं की इंजिन आत बसवलं की त्याच्या वजनाने सांगाडा वाकतो. मग पुढचे मडगार्ड आणि बॉनेट यांची भोकं जागेवर येत नाहीत आणि फटी जुळत नाहीत. कागदावर ठीक होतं, पण पत्रा खोटं बोलत नाही. दुरुस्ती होईपर्यंत महिने गेले आणि तोवर पैसे घेऊन उभा असलेला गिऱ्हाईक दुसऱ्या शोरूममध्ये गेला.

नेमक्या त्याच काळात फोर्ड आणि शेव्हरले यांची पहिल्या क्रमांकासाठी जुंपली. दोघांनीही डीलरांच्या अंगणात मोटारींचे ढीग लावले आणि किमती पाडल्या. मार बसला तो मधल्या लहान कंपन्यांना. रॉबर्ट बर्कने पुढे सांगितलेला एक हिशेब आहे: सुमारे २,५०० डॉलरला विकावी लागणारी कमांडर स्टारलायनर जनरल मोटर्सच्या खर्चात बनली असती तर १,९०० च्या आसपास विकता आली असती. मोटार तीच, फरक कारखान्याचा. जुन्या, अनेक मजली इमारती, थकलेली यंत्रं आणि लहान संख्येवर विभागला जाणारा साच्यांचा खर्च. भरभराटीच्या वर्षांत जो पैसा कारखान्यात मुरायला हवा होता तो मुरला नव्हता.

मग कामगारांच्या जास्त पगारामुळे कंपनी बुडाली, हे म्हणणं कितपत खरं?

अर्धवट खरं. साऊथ बेंडचे पगार डेट्रॉइटपेक्षा वरचे होते आणि माणशी काम कमी निघत होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हे कुणी ठरवलं? युद्धानंतर मोटारी हव्या तेवढ्या खपत असताना व्यवस्थापनाला संप परवडत नव्हता, म्हणून दरवेळी मान्य करत गेले. शांततेची किंमत म्हणून ती सवलत होती आणि दोन्ही बाजूंच्या सह्यांची होती. वेळ आली तेव्हा, ऑगस्ट १९५४ मध्ये, कामगारांनी मतदान करून स्वतःचा पगार कमी करून घेतला. आधी नकार दिला होता, मग मान्य केलं. बुडत्या कारखान्यासाठी स्वतःच्या ताटातला घास काढून देणाऱ्यांवर सगळं खापर फोडणं मला मान्य नाही.

पॅकार्डबरोबरच्या विलीनीकरणाने काय साधलं?

काहीच साधलं नाही, उलट पॅकार्डही गेली. ऑक्टोबर १९५४ मध्ये पॅकार्ड या डेट्रॉइटच्या जुन्या मोटार कंपनीने स्टुडबेकर विकत घेतली. नॅश या मोटार कंपनीच्या जॉर्ज मेसन यांच्या मनात चार लहान कंपन्यांची मिळून एक मोठी कंपनी व्हावी असं होतं. नॅश आणि हडसन एकत्र येऊन अमेरिकन मोटर्स झाली होती. पण त्याच ऑक्टोबरात मेसन वारले आणि तो विचार तिथेच थांबला.

पॅकार्डचे प्रमुख जेम्स नान्स यांनी स्टुडबेकरची वही नीट तपासली नव्हती. सौदा झाल्यावर हिशेबनिसांनी आकडा काढला: ना नफा ना तोटा या रेषेवर यायला स्टुडबेकरला वर्षाला सुमारे २ लाख ८२ हजार मोटारी विकाव्या लागणार होत्या. १९५४ च्या मॉडेलची विक्री एक लाखाच्याही आत होती. १९५६ मध्ये डेट्रॉइटचा पॅकार्ड कारखाना बंद झाला. पुढची दोन वर्षं स्टुडबेकरच्याच अंगावर पॅकार्डचं नाव लावून मोटारी निघाल्या आणि १९५८ नंतर ते नावही थांबलं.

लार्क या लहान मोटारीने कंपनी तारली होती ना?

हो, आणि फार अक्कलहुशारीने. हॅरल्ड चर्चिल हे मुळातले अभियंते अध्यक्ष झाले होते. हातात पैसा नाही, नवे साचे परवडत नाहीत. त्यांनी जुन्या सेडानचा मधला भाग, जिथे माणसं बसतात तो, तसाच ठेवला आणि पुढचं नाक व मागची शेपटी आखूड केली. आत बसायला जागा मोठ्या मोटारीएवढी आणि पार्किंगला मोटार लहान. १९५९ मध्ये सव्वा लाखाच्या वर लार्क गेल्या आणि कंपनीला २.८ कोटी डॉलरच्या वर नफा झाला.

मग १९५९ च्या शरद ऋतूत फोर्ड फाल्कन, शेव्हरले कॉर्व्हेअर आणि क्रायस्लरची व्हॅलियंट एकदम उतरल्या. बड्या कंपन्यांच्या ज्या डीलरांनी सोबतीला लार्क ठेवली होती, त्यांना आता घरचीच लहान मोटार मिळाली. चर्चिल यांना नफ्याचा पैसा नव्या मोटारींत घालायचा होता. संचालकांना तो दुसऱ्या धंद्यांत हवा होता, कारण जुन्या तोट्यामुळे मिळणाऱ्या करसवलतीचा फायदा तिथे उठवता येत होता. पुढे एसटीपी हे इंजिन तेलात टाकायचं रसायन, जनरेटर, बागेतले ट्रॅक्टर, फ्रीज असे उद्योग खरेदी झाले. चर्चिल गेले. माझ्या मते मोटारींचा निकाल त्या बैठकांमध्ये लागला, डिसेंबर १९६३ मध्ये फक्त जाहीर झाला.

अवान्ती एवढी वेगळी का दिसते?

कारण तिला बनवणाऱ्यांवर समित्यांची नजर पडायला वेळच मिळाला नाही. १९६१ मध्ये शेरवूड एग्बर्ट अध्यक्ष झाले आणि त्यांनी लोवीला बोलावून घेतलं. लोवीने कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जला एक घर भाड्याने घेतलं, तीन सहकाऱ्यांना त्यात बसवलं आणि काही आठवड्यांत मातीचा नमुना तयार झाला.

जवळून पाहा. पुढे जाळी नाहीच, हवा बंपरखालून आत जाते. बॉनेटवरचा उंचवटा मधोमध नाही, चालकाच्या बाजूला सरकलेला आहे. कंबर बाटलीसारखी आत गेलेली. काही बटणं विमानासारखी डोक्यावर, आरशाजवळ. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, जे तेव्हा अमेरिकन मोटारींत क्वचित दिसत. सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) लावलेल्या अवान्तीने बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचे विक्रम मोडले. या सगळ्याखाली मात्र सांगाडा होता लार्कच्या उघड्या टपाच्या मोटारीचा, कारण नवा करायला पैसे नव्हते.

एप्रिल १९६२ मध्ये मोटार दाखवली, ऑर्डरी आल्या आणि पुन्हा १९५३ सारखंच झालं. फायबरग्लासची अंगं बाहेरच्या कंपनीकडून येत होती आणि त्यांचे भाग एकमेकांत बसत नव्हते. शेवटी साऊथ बेंडमध्येच ते काम आणावं लागलं. वाट पाहणारे निघून गेले. एकूण ४,६४३ अवान्ती बनल्या.

कारखाना नेमका कधी बंद झाला?

एग्बर्ट यांना कर्करोग झाला होता. नोव्हेंबर १९६३ मध्ये ते बाजूला झाले आणि बायर्स बर्लिंगेम आले. ९ डिसेंबरला साऊथ बेंड बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि २० डिसेंबरला तिथली शेवटची मोटार रांगेवरून उतरली. नाताळ पाच दिवसांवर होता. सुमारे सात हजार लोकांचं काम गेलं. कॅनडातल्या हॅमिल्टनचा लहान कारखाना चालू राहिला, शेवटी शेवटी जनरल मोटर्सची इंजिनं घेऊन. १७ मार्च १९६६ रोजी तोही थांबला.

कामगारांच्या पेन्शनचं काय झालं?

१९५० पासून कंपनीत पेन्शन योजना होती. आपल्याकडच्या पीएफमध्ये दरमहा पैसे प्रत्येकाच्या नावावर जमा होतात. ही योजना तशी नव्हती. इथे सगळ्यांचा मिळून एक फंड होता आणि कामगाराला वचन होतं: इतकी वर्षं काम केलंस तर निवृत्तीनंतर महिन्याला इतके मिळतील. योजना सुरू झाली तेव्हा जुन्या कामगारांची आधीची वर्षंही धरली गेली, पण त्या वर्षांचे पैसे फंडात एकदम भरले नाहीत. ते ३० वर्षांत भरायचे ठरलं. मधल्या काळात पेन्शनचा दर करारांमध्ये वाढत गेला, म्हणजे देणं वाढत गेलं. कारखाना चालू असता तर हळूहळू भरणा झाला असता. कारखाना तेराव्या-चौदाव्या वर्षीच बंद झाला आणि फंड वचनाच्या मानाने फार लहान निघाला.

वाटप असं झालं. आधीच निवृत्त झालेले आणि साठी गाठलेले, सुमारे ३,६०० जण, यांना पूर्ण पेन्शन. त्यात फंड जवळजवळ संपला. ४० ते ५९ वयाचे, दहा वर्षांहून जास्त नोकरी झालेले सुमारे ४,००० कामगार होते. त्यांना हक्काच्या प्रत्येक डॉलरमागे १५ सेंट मिळाले. या गटाचं सरासरी वय ५२ होतं आणि नोकरी जवळजवळ २३ वर्षांची. बाकीच्या सुमारे २,९०० जणांना काहीच नाही.

बावन्नाव्या वर्षी, गावातला सर्वांत मोठा कारखाना बंद झालेला, हाताला येणारं कौशल्य त्या एका मोटारीच्या जुळणीचं. हे बेकायदेशीर नव्हतं. तेव्हाच्या कायद्याने कंपनीवर फंडाबाहेरचं काही देण्याची सक्ती नव्हती. वडील स्टुडबेकरांच्या दुकानावरची देणं न ठेवण्याची पाटी मला इथे आठवते आणि वाईट वाटतं.

मोटार कामगारांच्या संघटनेने आणि काही सिनेटरांनी साऊथ बेंडचं उदाहरण वर्षानुवर्षं लावून धरलं. दहा वर्षांहून जास्त काळ गेला. २ सप्टेंबर १९७४ रोजी, अमेरिकेच्या कामगार दिनी, राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी पेन्शनच्या संरक्षणाचा कायदा सही करून लागू केला. ठरावीक वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनचा हक्क पक्का झाला, फंडात पैसे भरण्याचे नियम आले आणि फंड बुडाला तर विम्यासारखा आधार देणारी सरकारी संस्था उभी राहिली. साऊथ बेंडच्या त्या चार हजारांना त्यातून काही मिळालं नाही, कायदा मागच्या तारखेने लागू नव्हता.

म्हणजे कंपनीचं दिवाळं निघालं?

नाही, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. १९६० च्या दशकात स्टुडबेकर दिवाळखोर झालीच नाही. तोट्यातला मोटारींचा धंदा सोडला आणि बाकीचे उद्योग चालू राहिले. १९६७ मध्ये वर्दिंग्टन कंपनीशी जोडून स्टुडबेकर-वर्दिंग्टन झाली आणि १९७९ मध्ये ती मॅकग्रॉ-एडिसनने घेतली. भागधारकांच्या हाती काहीतरी राहिलं. वरचं पेन्शनचं उत्तर वाचताना हे ध्यानात ठेवा.

भारतात स्टुडबेकर होत्या का? मुंबईत बनायच्या का?

भारतात होत्या. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने काही काळ स्टुडबेकर जुळवून विकल्या. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरमध्ये जुळवल्या जायच्या त्या क्रायस्लर गटाच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. घरच्या जुन्या फोटोतली ‘आजोबांची अमेरिकन गाडी’ अनेकदा त्यांपैकी निघते. ओळखायचं असेल तर पुढचं नाक पाहा. मधोमध विमानासारखा गोळा असेल तर ती १९५० किंवा ५१ ची स्टुडबेकर.

साऊथ बेंडला गेल्यास काय पाहावं?

शिकागोहून गाडीने दोनेक तास. मुलगा-मुलगी नोटर डेम विद्यापीठात शिकत असेल तर तुम्ही गावातच आहात. स्टुडबेकर राष्ट्रीय संग्रहालयात घोडागाड्यांपासून हॅमिल्टनच्या शेवटच्या मोटारीपर्यंत सगळं आहे. अब्राहम लिंकन ज्या बग्गीतून शेवटच्या रात्री नाटकाला गेले ती बग्गीही तिथे आहे. ती स्टुडबेकरांनी बनवलेली नाही, आपल्या संग्रहासाठी विकत घेतली होती. क्लेमंटचा चाळीस खोल्यांचा वाडा अजून उभा आहे.

शहराबाहेर, चाचणीच्या जुन्या मैदानावर, १९३७ मध्ये हजारो पाइनची झाडं अशा रांगांनी लावली की वरून ‘स्टुडबेकर’ ही अक्षरं दिसावीत. लांबी अर्धा मैल. तिथे आता सार्वजनिक उद्यान आहे. जमिनीवरून चालताना नुसती झाडं दिसतात, अक्षरं विमानातून किंवा उपग्रहाच्या नकाशावर वाचता येतात.

जुनी स्टुडबेकर घेतली तर सुटे भाग मिळतील का?

मिळतील, आणि ते ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. कारखाना बंद झाला तेव्हा साऊथ बेंडच्या गोदामांत भागांचे डोंगर शिल्लक होते. तिथल्याच डीलर जोडीने, नेट ऑल्टमन आणि लिओ न्यूमन यांनी, अवान्तीचे हक्क घेतले आणि तीच मोटार ‘अवान्ती २’ नावाने १९६५ पासून पुन्हा हाताने बनवायला सुरुवात केली. त्यामुळे गावात कौशल्य आणि सामान दोन्ही टिकलं. न वापरलेले मूळ भाग दशकानुदशकं विकले जात राहिले. १९६२ मध्ये सुरू झालेला स्टुडबेकर ड्रायव्हर्स क्लब अजून चालू आहे. घेण्याआधी सभासदाला विचारा, आणि मोटारीचा सांगाडा खालून गंजलेला नाही ना हे स्वतः वाकून बघा.